माल-सुनचा फुगलेला गाल

भर दुपारी घाण्याचं शटर खाली आलं की मला संशय येतो. माझा स्वभावच तसला, त्याला इलाज नाही. आणि माल-सुनच्या घाण्याचं शटर म्हणजे तिचा नवरा वारला तेव्हा खाली आलं होतं आणि पोराच्या लग्नात. अंगात ताप असला तरी ही बाई तीळ भाजत उभी. अशी बाई एका मंगळवारी जेवण झाल्यावर शटर ओढते, हात साबणाने दोनदा धुते आणि माझ्या दुकानाच्या आरशात बघून ओठांना लाली लावते. आता तुम्हीच सांगा, संशय माझ्या स्वभावात आहे की तिच्या लालीत?

माझं दुकान तिच्या भिंतीला लागून. मी सणावारी घालायचे जुन्या पद्धतीचे कपडे शिवते, ती तिळाचं तेल काढते. आमच्या कोरियातल्या जोंजू शहरात, दक्षिण दरवाजाच्या बाजारात आम्ही जोडीनेच ओळखल्या जातो, कारण मी शिवलेल्या प्रत्येक नवरीच्या कपड्यांना तिच्या तेलाचा वास येतो. गिऱ्हाइकं तक्रार करतात, मी म्हणते, अगं शुभ असतो.

माल-सुन बुटकी, मनगटं जाड, केस काळेभोर, अर्थात डब्यातला रंग. बोलायला महाकंजूष. तीळ दाताखाली धरून चावते आणि मान हलवते, एवढ्यात शेतकऱ्याला कळतं माल घेतला की नाही. कुणी भाव पाडायला लागलं तर ती शब्द खर्च करत नाही. डावा गाल फुगवते, उजवा डोळा मिटते आणि तशीच बघत राहते. गिऱ्हाईक हसतं आणि मुकाट्याने बाटली उचलतं. हे तोंड तिला कुणी शिकवलं, कुणाला ठाऊक नाही. ती म्हणते, जन्मल्यापासून आहे.

जन्माची गोष्ट निघाली की तिचं तोंड मिटतं. आई गेली तेव्हा ही दुडुदुडु चालायला लागली होती. मोठा भाऊ जांग-गुन नऊ वर्षांचा. म्हातारपणातलं बाळंतपण आईला भोवलं, असं सगळे म्हणायचे, आणि ते बाळ म्हणजे हीच. पोरीला मावशीने नेऊन वाढवलं, भाऊ गावी बापाजवळ राहिला. आईचा फोटो एकही नाही. आजीच्या साठीला फोटोवाला गावात आला होता, अख्खं खानदान अंगणात ओळीने उभं राहिलं, आणि आई त्या वेळी चुलीपुढे. एवढ्या माणसांचं जेवण कोण करणार? त्या मोठ्या फोटोत कुत्रंसुद्धा आहे, आई तेवढी नाही. गावात एक अफवा मात्र होती, की फोटोवाल्याने जाता जाता मागच्या दाराने बायकांचा एक फोटो काढला आणि तो मावशीने लांबवला. जांग-गुनने ती अफवा इतकी वर्षं उराशी धरून ठेवली. बहिणीशी तो कामापुरता बोलायचा, तेही तिच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीशी. “तोंडवळा आईचा आहे तिचा,” असं कधीतरी म्हणून गेला होता, तेवढंच. माल-सुनला वाटायचं, आई खाल्ली म्हणून हा माझ्याकडे बघत नाही.

तर ती लाली.

आठवडाभर आधी तिने माझ्याकडून पांढऱ्या सुती कापडाची जोगोरी, म्हणजे वरचं आखूड आंगडं, शिवून घेतली होती. जुन्या काळची, साधी, फीत बारीक. मी विचारलं कुणाला, तर म्हणे भाचीला, नाटकात काम आहे. तिची भाची चाळिशीची, बँकेत बसते, आणि तिला मी एकदासुद्धा हसताना पाहिलेलं नाही. ती कसली नाटकात काम करते! शिवाय माप भाचीचं म्हणून जे दिलं, ते घेर बघता माल-सुनचंच होतं. माझ्यापासून अंगाचा घेर लपत नाही.

मग मी सुकी मासळीवाल्या बेकडे बारकाईने बघायला लागले. बे विधुर, ती विधवा. परवाच त्याने तिला बोटभर लांबीचे मासे बांधून दिले आणि मला त्याच पैशात चुरा. मी जाता जाता विचारलं, “काय हो बे, मंगळवारी दुपारी कुठे असता तुम्ही?” तर तो गोंधळला. म्हणाला, झोपतो. माणूस झोपतो हे सांगताना कशाला गोंधळेल?

पुढच्या मंगळवारी शटर वाजलं तशी मी सुई खोचली आणि गळ्यातली टेप तशीच ठेवून तिच्या मागे निघाले. ती जुन्या कौलारू घरांच्या आळीत शिरली. तिथे बाहेरगावची पोरं भाड्याचे कपडे घालून फिरत असतात, शंभर वर्षांपूर्वीच्या मखमली झग्यांत आणि जाळीच्या टोप्यांत, हातात आइस्क्रीम. त्यांच्यातून माझी माल-सुन कापडी पिशवी छातीशी धरून, चोरासारखी. एका अरुंद दुकानात गेली. गल्ल्यावर माणूस नाही, आत माणूस नाही, हल्ली निघालीत तसली दुकानं. पडद्याआड एक खोली. मी पडद्याला कान लावला.

आतून पुरुषाचा आवाज आला. गोड, सावकाश.

“थोडं जवळ या.”

मी कान आणखी दाबला.

“अजून थोडं. आता हसा.”

आणि माल-सुन हसली. पुढे त्या आवाजाने उलटी मोजणी सुरू केली, तीन, दोन, आणि एक व्हायच्या आत मी पडदा बाजूला सारून डोकं आत घातलं.

पुरुष नव्हता. एक आरसा, एक दिवा, एक कॅमेरा आणि तो बोलणारा डबा. स्टुलावर माल-सुन एकटी, अंगात मी शिवलेली जोगोरी, केसांचा मधोमध भांग, मागे अंबाड्यात लाकडी काडी. मुठीत कसलंसं बटण. आणि तोंड? तेच, बाजारातलं. डावा गाल फुगलेला, उजवा डोळा मिटलेला. खट्ट.

“ताई,” ती गाल खाली न आणता म्हणाली, “टेप काढ मधून.”

मी म्हटलं, आधी सांग हा काय प्रकार आहे. ती बराच वेळ बटणाशी खेळत बसली. मग म्हणाली, “आई कशी दिसायची ते बघायचं होतं. दादा सांगत नाही. सगळे म्हणतात मी तिच्यासारखी. मग मलाच तिचे कपडे घालून बघितलं.”

मागच्या मंगळवारीही ती हेच करून गेली होती. गंभीर तोंड केलं, बिचारं तोंड केलं, मान खाली घातली, आणि प्रत्येक फोटोत घाणेवाली माल-सुनच निघाली. फोटोचा रंग कुठला हवा, ते त्या डब्याला सांगायची सोय होती. आज तिने जुनाट तपकिरी निवडला, जवाच्या चहात बुडवून वाळवल्यासारखा. यंत्राने वर तिच्या सुरकुत्यांवरून इस्त्री फिरवली. आणि तोंड करून करून कंटाळल्यावर शेवटी तिने गंमत म्हणून आपलं रोजचं तोंड केलं.

फटीतून फोटो बाहेर आला. आम्ही दोघी डोकी लावून बघत राहिलो. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. ती माल-सुन नव्हती. कुठल्यातरी जुन्या परसात, हातातलं काम टाकून, कुणाला तरी चिडवणारी एक बाई होती. त्या काळी चाळिशी उलटलेली शेतकरीण साठीची दिसायची, आणि आमची साठीची त्या यंत्रात चाळिशीची. दोघी मधे कुठेतरी भेटल्या असतील.

“ही मी नाही,” माल-सुन म्हणाली.

फोटोच्या कडेला माझं नाक आलं होतं. दुकानात येऊन तिने माझ्याच कात्रीने माझं नाक उडवलं. नाकाखालचं काहीतरी लोंबतं राहिलं, ते कापलं असतं तर गाल गेला असता, म्हणून राहू दिलं. आणि फोटो तिने आतल्या खोलीत, तीळ भाजायच्या कढईच्या वर, भिंतीला टाचला. मासळीवाल्या बेवरचा माझा संशय तेव्हापुरता फिटला. तेव्हापुरता.

आईचं श्राद्ध जवळ आलं तसा जांग-गुन गावाहून आला. पूजेच्या भाज्यांना, तळणाला तेल बहिणीच्या घाण्याचंच लागतं त्याला. बोलणं नसलं तरी तेल होतं. तो बाटल्या घ्यायला आतल्या खोलीत गेला आणि बाहेर येईना. मी मधल्या दारातून वाकून पाहिलं. तो भिंतीपुढे उभा होता, टोपी हातात.

“हा कुठून आला?” त्याने विचारलं.

माल-सुनच्या हातातला झारा थांबला.

“मावशीने दिला ना तुला,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, चढवला असता तर बरं झालं असतं. “मला माहीत होतं. साठ वर्षं माहीत होतं. तू कढईवर टांगलास, तेल उडायला.”

ती तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने फोटो भिंतीवरून काढला, बाहीने पुसला, आणि त्या फुगलेल्या गालावर अंगठा ठेवला.

“खरवड देताना असंच करायची,” तो म्हणाला. “बा समोर असला की भांड्याच्या तळाची खरवड झग्याआड मला द्यायची आणि असा गाल फुगवायची. म्हणजे, बोलू नकोस.”

माल-सुनचं उघडलेलं तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा तिने आईची एक गोष्ट ऐकली होती. तो फोटो खिशात घालून गेला, तेलाच्या बाटल्या तिथेच विसरला. आणि तीळ करपले. त्या घाण्यात तीळ करपलेले मी तेवढे एकदाच बघितले.

मी म्हटलं, बाई, आत्ताच्या आत्ता फोन करून सांग, तो तुझा फोटो आहे म्हणून. ती म्हणाली, “सांगितलं तर त्याची आई दुसऱ्यांदा जाईल, ताई. नाही सांगितलं तर मी चोर. चोर बरी.”

“अगं पण तो श्राद्धाला मांडेल तो फोटो!”

“मांडू दे.”

“घरचे सगळे तुला दोनदा वाकतील!”

 जिवंत माणसाला एक नमस्कार आणि मेलेल्याला दोन, हे आमच्यात दुधाच्या दातांपासून पाठ असतं. नवीन वर्षाला एखादं पोर चुकून आजोबांपुढे दुसऱ्यांदा वाकलं तर आजोबा थट्टेत काठी उगारतात आणि मनातून हादरतात. आणि इथे जिवंत बाईला ठरवून दोन.

“घालू देत,” माल-सुन म्हणाली. “एवढे नमस्कार मला आयुष्यात कोण घालणार आहे?” आणि गाल फुगवला. पण डोळा मिटताना तो ओला झाला, मी बघितलं.

त्याच संध्याकाळी मी जेवायला बसले असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. मी म्हटलं, हॅलो, शिवणाचं दुकान. पलीकडे कुणी बोलेना. श्वास ऐकू येत होता, पुरुषाचा. मी म्हटलं, कोण? तर फोन ठेवला. मला लगेच बे आठवला. माणूस दुपारी झोपला की संध्याकाळी असले उद्योग सुचतात. दुसऱ्या दिवशी त्याच्या ठेल्यासमोर उभी राहून मी मोठ्याने म्हटलं की काही लोकांना नुसता श्वास घ्यायला माझा नंबर लागतो. बेने मला चुरा न देता अख्खे मासे दिले. आता हे कशाचं लक्षण?

श्राद्धाच्या दिवशी माल-सुनने मला बळेच बरोबर नेलं. तळणाचे डबे धरायला, असं म्हणाली. खरं म्हणजे तिला एकटीला जायचं धाडस नव्हतं. पूर्वी हे सगळं मध्यरात्री चालायचं, हल्ली लोक दिवेलागणीला उरकतात आणि घरी जाऊन झोपतात. वहिनीने, म्हणजे जांग-गुनच्या बायकोने, आम्हाला सरळ स्वयंपाकघरात घेतलं. तिच्या आवाजात बर्फ होता. विसरलेल्या तेलाच्या बाटल्या आमच्याकडून घेताना म्हणाली, “एवढा जपलात हो फोटो, आम्हाला दाखवला असता तर झिजला नसता.” माल-सुन पालक पिळत राहिली. मीच म्हटलं, वहिनी, पालकात मीठ कमी आहे. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं होतं. फळं, मासा, मांसाचं सूप, वर भाताची वाडगी, आणि सगळ्यांच्या मागे चौकटीत तो फोटो. आता विचार करा, श्राद्धाच्या टेबलावर एका डोळ्याने मिचकावणारी, गाल फुगवलेली बाई. नातवंडं एकमेकांना कोपराने ढोसत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. लेक परक्या घरची, तिने पुढे यायचं नसतं, म्हणून माल-सुन माझ्या मागे, चुलीजवळ. साठ वर्षांपूर्वी फोटोवाला आला तेव्हा तिची आई उभी होती, तिथेच म्हणायचं.

जांग-गुनने उदबत्ती लावली, दारू ओतली आणि वाकला. कपाळ जमिनीला टेकलं. त्याच्या मागे मुलगा, नातू, सगळे वाकले. उठले.  आता दुसरा.

तो उभाच राहिला.

“अहो, दुसरा,” वहिनी कुजबुजली.

“जिवंत माणसाला एकच असतो,” तो म्हणाला.

 तो वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीशी न बोलता स्वयंपाकघराच्या दाराशी बोलला. “माल-सुन. बाहेर ये.”

ती आली, ओल्या हातांनी. त्याने चौकट उचलून तिच्यापुढे धरली आणि फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे ते लोंबतं होतं. माझी टेप. टेपेच्या टोकावर मी दुकानाचा नंबर छापून घेतला आहे, गिऱ्हाईक टेप ढापून नेतं, निदान नंबर तरी जातो.

“भिंगातून वाचला,” तो म्हणाला. “आईच्या परसात असला नंबर कुठून आला म्हणून फोन लावला. या बाईंचा आवाज आला.”

या बाई म्हणजे मी. सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. म्हणजे तो श्वास बेचा नव्हता. बिचाऱ्याचे मासे मी उगीच खाल्ले.

“मग कळल्यावर गप्प का राहिलास?” माल-सुनने विचारलं.

“तू सांगशील म्हणून.” तो चौकटीकडे बघत होता. “रोज फोनकडे बघत होतो. तू आलीस ती नुसतं तेल घेऊन. तू म्हणाली असतीस ना, दादा, ती मी आहे... एवढंच हवं होतं मला.”

“तू आईबद्दल बोलत होतास,” ती म्हणाली. “मध्ये कशी बोलणार?”

तो एकदम खाली बसला. पोरं घाबरली. मग त्याने सदऱ्याच्या आतून घडी केलेला कागद काढला. आईच्या नावाचा, दरवर्षी फोटोऐवजी मांडतात तसा, सकाळीच लिहून ठेवलेला. फोटो काढून तो कागद मागे उभा केला आणि बहिणीला म्हणाला, “ही आई. घाल आता. दोन.”

वहिनीने तोंड उघडलं, लेकीने नमस्कार घालायचा नसतो वगैरे असणार, पण नवऱ्याचं तोंड बघून मिटलं. माल-सुन वाकली. उठायला वेळ लागला. दुसऱ्यांदा वाकली आणि तिथेच राहिली. तिच्या पाठीवर भाजीचं पाणी लागलं होतं. तो तिच्या शेजारी उभा होता आणि तिच्याकडे बघत होता, खांद्यावरून नाही, सरळ.

जेवताना वहिनीने सगळ्यांना भातात भाज्या कालवून दिल्या. जांग-गुन उठून स्वयंपाकघरात गेला आणि भांड्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला. खरवडीचा एक मोठा तुकडा आणून त्याने बहिणीच्या वाडग्यात टाकला. गाल फुगवला नाही, तसा तो माणूस नाही. पण टाकताना बापाच्या जागेकडे, त्या रिकाम्या जागेकडे, एकदा चोरून बघितलं.

एवढं सगळं झालं तरी माझा संशय संपलेला नाही. निघताना मी म्हटलं, जांग-गुन भाऊ, तो फोटो द्या परत, माझी टेप आहे त्यात. त्याने इकडे तिकडे शोधल्यासारखं केलं. चौकट रिकामी. म्हणाला, पडला असेल कुठेतरी, मुलांनी घेतला असेल. नातवंडांनी माना हलवल्या. वहिनीने उशा उचलून पाहिल्या.

 पण त्याच्या सदऱ्याचा वरचा खिसा ताठ होता, आणि कपड्याचं मला कळतं. कापड आपोआप असं ताठ राहत नाही.